जुना रंग कुठवर उतरवायचा

"सगळा रंग काढा, पत्रा उघडा करा, मगच नवा मारा." जुनी गाडी रंगवायला आली की गिऱ्हाईकाची ही मागणी ठरलेली. ऐकायला पक्कं काम वाटतं. पण पुष्कळ गाड्यांना त्याची गरज नसते, आणि काही गाड्यांचं त्यानं नुकसानच होतं.

कारण सगळ्यात खाली काय असतं ते पाहा. कारखान्यात उघड्या बॉडीला आधी फॉस्फेटचं पाणी देतात. मग ती अख्खी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या जोरावर तो प्रायमर पत्र्यावर ओढून बसवतात आणि भट्टीत भाजतात. जेमतेम २० मायक्रॉनचा हा काळा किंवा करडा थर दाराच्या घडीत, सिलच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) आत, बोट जात नाही तिथंही पोचलेला असतो. गंज अडवण्याचं खरं काम तो करतो, वरची चकाकी नंतरची. सांगली-साताऱ्यातल्या गॅरेजात हा थर परत देता येत नाही. गाडी बुडवायला टाकी नाही आणि १६०-१८० अंशांची भट्टीही नाही. शाबूत असलेला असा थर ग्राइंडर लावून उडवायचा आणि त्या जागी डब्यातला प्रायमर मारायचा, हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

म्हणून रंग कसा काढायचा हे नंतर, आधी कुठवर काढायचा ते ठरवायचं. तेही अख्ख्या गाडीचं एकदम ठरत नाही. टपाचा निर्णय वेगळा, बॉनेटचा वेगळा, दाराखालच्या वीतभर पट्ट्याचा तर अगदीच वेगळा.

गाडी कुठली, ते आधी विचारा

पाटीवर एमएच १० आहे की ११ की ५०, यावरून काही कळत नाही. गाडी उभी कुठं असते ते विचारायचं. माण, खटाव, जत, आटपाडीकडची असेल तर टप आणि बॉनेट उन्हानं खाल्लेलं असतं. हात फिरवला की तळव्याला रंगाची भुकटी लागते, क्लिअर कोटचे (वरच्या पारदर्शक थराचे) पापुद्रे नखानं निघतात. पण खालचा थर बहुधा ठणठणीत असतो. तिथं क्लिअर आणि मेलेला रंग तेवढा घासून काढायचा आणि करडा थर दिसू लागला की थांबायचं.

महाबळेश्वर, जावळी, पाटणची गाडी याच्या उलट. लांबून रंग बरा दिसतो, पण बीडिंग (कडेची पट्टी) उचललं की खाली चिखलमिश्रित शेवाळ, चाकाच्या कमानीच्या कडेला फुगे आणि दाराच्या खालच्या घडीतून तांबडं पाणी. हा गंज आतून बाहेर आलेला असतो. तिथं पत्र्यापर्यंत गेल्याशिवाय इलाज नाही, आणि नुसतं बाहेरून जाऊनही इलाज नाही.

सांगलीत पुरातल्या गाड्यांची त्यात भर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या काही गाड्यांच्या सिलमध्ये आणि दारांच्या तळाशी कृष्णेचा गाळ अजून बसलेला असतो. पाण्याचा निचरा व्हायची भोकं त्यानं बुजलेली असतात. अशा गाडीचं दार बाहेरून कितीही छान सोलून रंगवलं, तरी आतला ओला गाळ आपलं काम करत राहतो आणि दीड-दोन वर्षांत त्याच जागी फुगे येतात. आधी आतलं पॅनेल उघडून, भोकं तारेनं मोकळी करून गाळ धुऊन काढायचा, आत वाळवायचं, मग बाहेरच्या रंगाला हात लावायचा.

द्राक्षपट्ट्यातला, म्हणजे तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागातला फवारणीचा ट्रॅक्टर असेल तर बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा हिशोब धरावा लागतो. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. रंगाचा टवका उडालेल्या जागी तो ओल्या पत्र्यावर पडला की तांबं पत्र्यावर चढतं आणि तेवढंच लोखंड विरघळून जातं. खरवडताना गंजाच्या कडेला तांब्याच्या भांड्यासारखी लालसर चकाकी दिसली तर ते हेच. ती चकाकी म्हणजे शुद्ध पत्रा, असं समजून वर प्रायमर मारू नये. तांबं खाली राहिलं तर ओल मिळताच शेजारचं लोखंड अधिक जोरानं गंजतं. चकाकी पूर्ण जाऊन राखाडी पत्रा दिसेपर्यंत ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचं.

उसाच्या ट्रॉल्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फाळक्याच्या आतल्या बाजूला रस मुरतो, आंबतो आणि आम्लानं पत्रा खातो. तिथं नाजूक कामाचा उपयोग नाही, सरळ ब्लास्टिंग (हवेच्या दाबानं कणांचा मारा) करावं. दसऱ्याच्या आत काम उरकायचं तर गणपतीतच गाडी द्यावी. सगळ्यांच्या ट्रॉल्या एकाच आठवड्यात येतात.

चार तपासण्या, अर्ध्या तासात

कारखान्याच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन असते. आपल्या डोक्याचा केस ७०-८० चा धरा, म्हणजे दीड केसाच्या आसपास. जाडी मोजायचं मीटर असेल तर प्रत्येक भागावर पाच-सहा ठिकाणी लावायचं. २०० च्या आसपास आकडा आला तर एकदा रंगवलेली गाडी. ३०० च्या वर गेला तर जुने थर उतरवल्याशिवाय नवा मारू नये. तो जाड थर पत्र्याबरोबर तापत-निवत नाही आणि तडकतो. ८००-१००० दाखवला तर खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. मीटर नसेल तर चपटं लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरवा. जिथं ते सैल पडतं तिथं लांबी.

दुसरी तपासणी थिनरची. पांढरी चिंधी एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाच्या) थिनरमध्ये भिजवून कोपऱ्यातल्या जागी अर्धा मिनिट दाबून धरायची आणि मग चोळायची. चिंधीला काहीच लागलं नाही तर भट्टीतला किंवा हार्डनरचा (घट्ट करणारं रसायन मिसळून मारलेला) रंग आहे, त्यावर काहीही चालतं. रंग सहज विरघळून चिंधीला आला तर एनसी. रंग मऊ पडून सुरकुतला तर सिंथेटिक इनॅमल, म्हणजे साधा ऑइल पेंट. शेवटच्या दोघांवर हार्डनरचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला तर त्यातला थिनर खालचा थर उचलतो आणि ताज्या रंगाची वाळत घातलेल्या पापडासारखी गत होते. हे थर काढलेच पाहिजेत. जुन्या जीप, ट्रॅक्टर, साताऱ्यातच बनलेल्या प्रिया स्कूटर यांच्यावर वर्षानुवर्षं ब्रशनं मारलेले इनॅमलचे थर सापडतात. तिथं सगळा रंग काढा म्हणणारं गिऱ्हाईक बरोबर असतं.

तिसरी टेपची. ब्लेडनं दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या, सहा आडव्या चिरा पाडायच्या, चांगली चिकटपट्टी दाबून बसवायची आणि एका झटक्यात ओढायची. चौकोन टेपबरोबर निघाले तर त्या थराची पकड गेलेली आहे. कोणत्या थरापासून निघाले ते टेप उलटी करून बघा, तेवढंच खोल जायचं आहे.

चौथी साधी. २००० च्या पेपरनं ओलं घासलं तर पाणी दुधाळ येतं की रंगीत? दुधाळ म्हणजे वर क्लिअर आहे. रंगीत म्हणजे एकाच थराचा रंग.

पेपर लावण्याआधी धुणं

सगळ्यात जास्त काम इथं बिघडतं आणि दिसतं मात्र शेवटी. गाडीवर पॉलिश, टायर चमकवायचं तेल, डॅशबोर्डचा स्प्रे असं काहीतरी सिलिकॉनचं बसलेलं असतं. ते न पुसता पेपर मारला तर सिलिकॉन ओरखड्यांत घुसतं आणि नवा रंग त्या जागी गोल-गोल फाकतो. डोळे पडतात म्हणतात ते हेच. क्रम असा: साबणानं धुणं, वाळवणं, मग डीग्रीझर (तेल-मेण उतरवणारा द्रव), मग पेपर, आणि शेवटी परत डीग्रीझर. डीग्रीझर पुसायला दोन कपडे लागतात. एकानं ओलं करायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कपड्यानं उचलायचं. वाळू दिलं तर मेण होतं तिथंच परत बसतं. रॉकेल आणि पेट्रोल यासाठी वापरू नका, दोन्ही तेलकट पडदा मागे ठेवतात.

सुटं करायचं ते आत्ताच करा: बीडिंग, हँडल, आरसे, लोगो, दिवे, बंपर. बॅटरीची तार काढा. एचएसआरपी (सुरक्षा नंबरप्लेट) पाटी मात्र उगीच उचकटू नका. तिचं कुलूपवजा रिव्हेट एकदा तुटलं की परत बसत नाही आणि पाटीसाठी नव्यानं खटपट करावी लागते. दोन पदरी टेपनं झाकून घ्या. आणि रंगच बदलायचा असेल तर आरसी बुकावर जुन्या रंगाची नोंद आहे हे लक्षात ठेवा. आरटीओतून ती बदलून घ्यावी लागते.

रिमूव्हर

मोठ्या, सपाट, लोखंडी भागावरचा जाड जुना रंग काढायला रिमूव्हर चांगला. पत्रा तापत नाही, झिजत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या जोरदार रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं आणि ते ४० अंशांच्या आसपास उकळतं. एप्रिल-मेमध्ये सांगलीत दुपारी बॉनेट यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं, म्हणजे लावलेला रिमूव्हर काम करायच्या आत हवेत. लोक मग म्हणतात, माल डुप्लिकेट आहे. माल बरा असतो, वेळ चुकलेली असते. सकाळी आठच्या आत, सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना लावा.

आधी ८० च्या पेपरनं वरच्या थरावर आडवेतिडवे ओरखडे पाडा, म्हणजे रिमूव्हरला शिरायला वाट मिळते. लांबीचे भाग, प्लॅस्टिक, फायबर आणि पत्र्याच्या घड्यांपासून दोन-तीन सेंटिमीटर आत टेप लावा. दाराच्या आणि बॉनेटच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलेला असतो. त्या घडीत शिरलेला रिमूव्हर कुठल्याही धुण्यानं निघत नाही आणि नव्या रंगाला महिन्याभरात आतून फोडतो. लांबीचंही तसंच, ती स्पंजासारखी रिमूव्हर पिते. कडा आणि लांबी हातानंच घासायच्या.

ब्रश भरून घ्या आणि जाडसर थर एकाच दिशेनं, एकदाच ओढा. घरच्या भिंतीसारखं मागे-पुढे करायचं नाही. रिमूव्हरमध्ये मेण असतं, ते वर तरंगून पातळ झाकण धरतं आणि खालचा द्रव उडू देत नाही. ब्रश परत फिरवला की झाकण फाटलं. वरून पातळ प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर आणखी बरं. मग हात लावायचा नाही. पाच-सात मिनिटांत रंग कडेनं उचलायला लागतो. तापलेल्या दुधावरची साय काठाकडून आक्रसावी तशा बारीक सुरकुत्या येतात, मधे फुगा धरतो, फुगा वाढत जाऊन शेजारच्या फुग्याला मिळतो आणि तळहाताएवढा पापुद्रा पत्र्यापासून सुटून उभा राहतो. १५-२० मिनिटांनी प्लॅस्टिकची किंवा कोपरे घासून गोल केलेली लोखंडी पत्री तिरकी धरून सरकवायची. जोर लागतोय म्हणजे अजून वेळ झालेला नाही. दुसरा हात फक्त राहिलेल्या डागांवर.

छोट्या गाडीच्या बॉनेटला दोन हातांत मिळून अर्धा ते पाऊण लिटर पुरतो. कारखान्याचा भाजलेला प्रायमर सहसा सगळ्यात शेवटी सुटतो. तो शाबूत असेल तर दुसरा हात देऊच नका.

खरवडून झाल्यावर पत्रा स्वच्छ दिसतो, पण त्यावर ते मेण असतं. थिनरच्या बोळ्यानं दोनदा पुसायचं, दर वेळी बोळा नवा. मग ८० आणि १२० चा पेपर, मग परत पुसणं. रिमूव्हर मारलेल्या गाडीचा रंग वर्षभरात साल सोलल्यासारखा निघाला तर शंभर कारणं शोधायला जाऊ नका, बहुतेक वेळा हे पुसणं राहिलेलं असतं.

याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली, खड्ड्यात, बंद शेडच्या तळाशी साठते. शरीरात गेल्यावर तिचं कार्बन मोनॉक्साइड बनतं, म्हणून आधी डोकं जड होतं आणि हृदयविकार असलेल्याला तर ती जिवावर बेतू शकते. अमेरिकेत २०१९ पासून असा रिमूव्हर घरगुती ग्राहकाला विकायला बंदी आहे. आपल्याकडे तो हार्डवेअरच्या दुकानात बनियनवर आलेल्या पोरालाही मिळतो. उघड्यावर काम करा, निदान दोन्ही बाजूंची शटर वर ठेवा. तोंडाला बांधलेला रुमाल या वाफेला अडवत नाही. साधे पातळ रबरी हातमोजे काही मिनिटांत फुगून ओघळतात, जाड रसायनाचे मोजे घ्या आणि डोळ्यांवर बंद गॉगल हवाच. जवळ विडी किंवा वेल्डिंग अजिबात नको, या वाफेतून ज्योतीशी फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. निघालेला चिखल पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून ठेवायचा. गटारीत लोटायचा नाही. शेरीनाल्यात काय काय जाऊन कृष्णेला मिळतं ते सांगलीकरांना सांगायला नको.

कॉस्टिक सोड्याबद्दल विचारणारे असतात. लोखंडी सुट्या भागांवरचं इनॅमल काढायला गरम पाण्यातला सोडा चालतो, १० लिटरला किलोभर. सोडा पाण्यात हळूहळू टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचा भाग त्यात चुकूनही बुडवू नका. अलॉय व्हील किंवा इंजिनचं कव्हर त्यात फसफसून खाल्लं जातं आणि निघणारा वायू पेट घेणारा असतो. हार्डनरच्या रंगावर सोड्याचा फारसा जोर चालत नाही.

ग्राइंडर आणि त्याचे प्रताप

चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. बॉनेटचा पत्रा ०.७ ते ०.८ मिलिमीटर. ४० नंबरची फ्लॅप डिस्क एका जागी दोन-तीन सेकंद जास्त टेकली की पत्रा निळा पडतो, ताणतो आणि निवल्यावर तिथं दाबलं की डब्याच्या झाकणासारखा टक-टक वाजतो. असा पत्रा परत बसवणं डेंटरला महागात जातं आणि शेवटी तो वर लांबी चोपडून मोकळा होतो. टप, बॉनेट, दाराचा सपाट भाग इथं ग्राइंडर नकोच.

तारेच्या कप ब्रशचा तोटा वेगळा. तो रंग कापत नाही, तापवून फासतो. गंजावर फिरवला तर गंज काळा, गुळगुळीत आणि चकचकीत होतो. मालकाला वाटतं साफ झालं. खड्ड्याच्या तळाशी गंज तसाच. शिवाय सुटलेली तार सुईसारखी उडते. ग्राइंडरवर लावायचीच असेल तर काळ्या जाळीदार स्पंजासारखी दिसणारी स्ट्रिप डिस्क लावा. ती रंग उडवते आणि पत्रा फारसा खात नाही. वेग कमी करता येणारं मशिन असेल तर ३,००० ते ४,००० वर चालवा. ठिणग्या काचेकडे जाऊ देऊ नका. त्या काचेत रुततात आणि नंतर हात फिरवल्यावर वाळूसारख्या लागतात, त्यावर उपाय काच बदलणं हाच.

खरं कामाचं हत्यार म्हणजे हवेवरचं किंवा विजेचं डीए सँडर, म्हणजे पॅड फिरवून घासणारं मशिन. सहा इंची पॅड, ८० पासून सुरुवात, मग १२० आणि १८०. कारखान्याचा प्रायमर ठेवायचा असेल तर ८० ला हात लावू नका, १८० नं सुरू करून ३२० वर थांबा. उघड्या पत्र्यावर मात्र १८० च्या पुढं गुळगुळीत करू नका, प्रायमरला धरायला ओरखडा लागतो.

जिथं पत्रा आणि जुना रंग भेटतात तिथली पायरी मोडणं हे या सगळ्यातलं कौशल्याचं काम. पायरी राहिली तर उन्हात नव्या रंगावर तिची कड नकाशासारखी उमटते. घासत गेल्यावर प्रत्येक थराचं वेगळं वलय दिसायला हवं. मधे राखाडी पत्रा, भोवती काळा प्रायमर, मग करडा, मग मूळचा पांढरा, त्यावर कुणीतरी मारलेला मरून, मग आत्ताचा निळा. चिरलेल्या कांद्यासारखं. प्रत्येक वलय निदान अर्धा-पाऊण सेंटिमीटर रुंद झालं की बोटं फिरवून बघायचं, डोळे मिटून. कड लागली नाही तर झालं. घासत असताना एखादा थर सारखा तुटून टवके पडत असतील तर त्याची पकड नाही. तिथं पायरी कधीच मोडणार नाही, तो थर पूर्ण काढा.

जुन्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा पिवळा, नारिंगी, लाल इनॅमल कोरडा घासू नका. त्या रंगछटांत शिशाचं क्रोमेट वापरलं जायचं. ९० पीपीएम शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. ओलं घासा, आणि धुळीचा मास्क लावा. पोरं खेळतात त्या अंगणात तर हे काम नकोच.

ब्लास्टिंग चेसी, चाकं, ट्रॉली, जाड ब्रॅकेट यांना उत्तम. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीकडे जाड लोखंडाचं काम करणारे सापडतात. बॉनेट आणि दारं कॉपर स्लॅगखाली देऊ नका, कणांच्या माऱ्यानं पत्रा ताणून फुगतो आणि ते कुणालाच सरळ करता येत नाही. नदीची वाळू वापरणाऱ्याकडे तर जाऊच नका. ती धूळ फुप्फुसात कायमची बसते, त्याच्याही आणि शेजारी उभ्या असलेल्या तुमच्याही. गॅसच्या बत्तीनं रंग जाळणाऱ्यांबद्दल एवढंच, की पत्रा वाकडा होतो आणि धूर विषारी असतो.

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही

संध्याकाळपर्यंत जेवढ्यावर प्रायमर चढेल तेवढाच पत्रा सकाळी उघडा करायचा. दोघांनी मिळून चार दिवस गाडी सोलायची आणि पाचव्या दिवशी प्रायमर, हे नियोजनच चुकीचं. जुलैमध्ये कराड-पाटणकडे उघड्या पत्र्यावर तासा-दोन तासांत गंजाची नारिंगी झाक धरते. उन्हाळ्यात उशीर लागतो इतकंच. घामेजलेला हात टेकला तर दुसऱ्या दिवशी पाचही बोटं पत्र्यावर तांबूस उमटतात, अगदी रेषांसकट. ती नुसती पुसून भागत नाही, घामातलं मीठ तिथं असतं.

मिठावरून पाण्याची गोष्ट येते. वाळवा, मिरज, पलूसच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी खारं. उघडा पत्रा त्यानं धुतला आणि उन्हात वाळवला तर पांढरे डाग राहतात. वर रंग चढल्यावर ते क्षार रंगातून ओल खेचून घेतात आणि पहिल्याच पावसाळ्यात मोहरीएवढे फोड उठतात. फोड फोडला तर आत पाण्याचा थेंब असतो. शेवटचं धुणं पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यानं करा, लगेच कपड्यानं टिपा आणि कंप्रेसरच्या हवेनं घड्या वाळवा. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी त्याआधी सोडायला विसरू नका.

गंजाच्या खड्ड्यांत पेपर पोचत नाही. तिथं फॉस्फरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर ब्रशनं लावा, ओलं ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी तारेच्या हाताच्या ब्रशनं घासा. तळ राखाडी दिसेपर्यंत परत. ते पत्र्यावर वाळू द्यायचं नाही, आणि धुऊन काढायचंच. ॲसिड राहिलं तर वरच्या इपॉक्सी प्रायमरची पकड बसत नाही. बारीक टोच्यानं टोचून पाहा. आरपार गेला तर तो पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायचा आहे, लांबीनं बुजवायचा नाही.

प्रायमरमध्ये आमचा कौल दोन डब्यांच्या इपॉक्सीला. एचिंग प्रायमर ॲल्युमिनियमवर छान बसतो, पण त्यात आम्ल असतं. त्यावर थेट पॉलिस्टर लांबी भरली तर लांबी नीट कडक होत नाही आणि पुढं सुटते. आपल्याकडची सवय म्हणजे स्वस्तातलं रेड ऑक्साइड. ट्रॉलीवर रेड ऑक्साइड आणि वर इनॅमल, ही जोडी चालते. पण खाली सिंथेटिक रेड ऑक्साइड आणि वर पीयू, ही चूक फार जण करतात. वरचा थिनर खालचं उचलतो आणि इतकी मेहनत करून काढलेला रंग परत काढावा लागतो.

इपॉक्सी आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावरचंच धरा, अंदाजानं नाही. काही डब्यांवर मिसळल्यावर १५-२० मिनिटं थांबायला सांगितलेलं असतं, तेवढं थांबा. दोन हातांत ५०-६० मायक्रॉन बसायला हवेत. लांबी त्यावर भरा, हार्डनर १०० ग्रॅमला २ ग्रॅम. घाईनं दुप्पट टाकला तर लांबी लवकर वाळते खरी, पण नंतर हलक्या रंगातून पिवळट डाग वर येतो.

पावसाळ्यात मारायचा की नाही ते ठरवायला ओल्या कपड्यानं पत्र्याचा तळहाताएवढा भाग पुसा. १५ मिनिटांत आपोआप वाळला तर गन उचला. तसाच ओला राहिला तर हवेत ओल जास्त आहे, आज फक्त डीग्रीझर आणि कोरडं कापड. थंडीत साताऱ्याकडे पारा बारा-तेरावर उतरतो तेव्हा इपॉक्सी रात्रभरात घट्ट होत नाही. सकाळी नखानं दाबून पाहा, ठसा उमटला तर पेपर लावू नका, गुठळ्या होऊन पेपर भरतो. दुपारपर्यंत उन्हाला द्या. आणि प्रायमर मारलेली गाडी उघड्यावर ठेवायची वेळ आलीच तर चिंचेखाली नको.